जुन्या प्रोसेसरवरचा गेमिंग पीसी: पैसे देण्यापूर्वीची तयारी

एएमडीचा रायझन ५ ३६०० प्रोसेसर घ्यावा की इंटेलचा कोअर आय५-१०४००एफ, हे ठरवण्यात मी गेल्या वेळी तीन आठवडे घालवले. ज्या मदरबोर्डवर तो बसणार होता त्याच्या बायोसची (पीसी सुरू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या, बोर्डमधल्याच सॉफ्टवेअरची) आवृत्ती पाहायला दोन मिनिटे मात्र काढली नाहीत. वापरलेला बी४५० बोर्ड एकाकडून आणि वापरलेला ३६०० दुसऱ्याकडून घेऊन घरी जोडला, बटण दाबले, पंखे फिरू लागले, आणि मॉनिटरवर ‘नो सिग्नल’. आधी ग्राफिक्स कार्डावर संशय घेतला, मग रॅमवर, मग एसएमपीएसवर (वीज पुरवणाऱ्या डब्यावर), आणि कार्ड विकणाऱ्या बिचाऱ्याला फोनवर नको तेवढे बोललो. पाचव्या दिवशी एका मित्राने स्वतःच्या पीसीतला रायझन ३ २२००जी काढून माझ्या बोर्डवर बसवला तेव्हा स्क्रीन उजळली आणि कोपऱ्यात बायोसची तारीख दिसली: २०१८. ३६०० बाजारात आला जुलै २०१९ मध्ये, म्हणजे तो बायोस या प्रोसेसरला ओळखतच नव्हता. आता भावासाठी तसाच पीसी जुळवायचा आहे, म्हणून ही यादी लिहून ठेवत आहे.

प्रोसेसरांची तुलना एका परिच्छेदात संपवावी. दोन्ही सहा कोअर आणि बारा थ्रेडचे, दोन्ही ६५ वॅटचे. ३६०० चा वेग ३.६ ते ४.२ गिगाहर्ट्झ, २०२० मध्ये आलेल्या १०४००एफ चा २.९ ते ४.३, एल३ कॅशे (प्रोसेसरमधलीच वेगवान मेमरी) पहिल्यात ३२ एमबी, दुसऱ्यात १२ एमबी. आकड्यांवरून ३६०० भारी वाटतो, पण त्याचा कॅशे १६-१६ एमबीच्या दोन वाट्यांत विभागलेला आहे, आणि मध्यम ताकदीच्या कार्डावर १०८०पी मध्ये खेळताना बहुतेक वेळा कार्डच आधी दमत असल्यामुळे खेळणाऱ्याला दोघांतला फरक सहसा जाणवत नाही. विंडोज ११ साठी दोन्ही चालतात. यापुढे चार टक्क्यांसाठी आलेख पाहत बसणे म्हणजे माझे ते तीन आठवडे.

खरी निवड बोर्डची आहे, आणि बोर्ड म्हटले की पहिला प्रश्न बायोसचा. ३६०० साठी बी५५० बोर्ड मिळाला तर चिंता नाही, कारण तो ३६०० नंतर आला. बी४५० आणि त्याहून जुना बी३५० यांच्या बाबतीत विक्रेत्याकडून बायोसच्या स्क्रीनचा फोटो मागावा, त्यावरची आवृत्ती वाचावी आणि बोर्डच्या उत्पादकाने प्रसिद्ध केलेल्या प्रोसेसरांच्या यादीत ३६०० समोर कोणती आवृत्ती दिली आहे ते ताडून पाहावे. बोर्डवर छापलेला रिव्हिजन क्रमांकही पाहावा, कारण एकाच नावाच्या दोन रिव्हिजनसाठी बायोसच्या फायली वेगळ्या असू शकतात. विक्रेता “चालतो हो, काही प्रॉब्लेम नाही” म्हणाला तरी फोटो मागावा. त्याच्याकडे तो चालतच असतो, त्याच्या जुन्या प्रोसेसरवर! आवृत्ती जुनी निघाली तर त्याच्याच प्रोसेसरवर, त्याच्याच घरी, यूपीएस लावून ती अद्ययावत करून घ्यावी. मध्येच वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो. काही बोर्डांवर प्रोसेसर नसतानाही पेनड्राइव्हवरून बायोस बदलणारे बटण असते. ते असेल तर बोर्डचे दोन पैसे जास्त द्यायला हरकत नाही.

१०४००एफ च्या बाजूने सर्वांत मोठी गोष्ट हीच, की एच४१० आणि बी४६० हे बोर्ड त्याच्या पिढीसोबतच आले, त्यामुळे हा घोळ तिथे होत नाही. मात्र त्या बोर्डांवर या प्रोसेसरसोबत रॅमचा वेग २६६६ च्या वर जात नाही, त्यामुळे ३२०० ची महाग रॅम घेऊन उपयोग नाही. उलट ३६०० ला ३२०० ची रॅम दिलीच पाहिजे. त्यांच्या पुढच्या पिढीचा बी५६० बोर्ड घेतला तर आणखी एक खाच आहे: त्यावरचा प्रोसेसरला थेट जोडलेला एम.२ स्लॉट (एसएसडी लावायची जागा) १०४००एफ सारख्या दहाव्या पिढीच्या प्रोसेसरसोबत बंद राहतो, म्हणून एसएसडी दुसऱ्या स्लॉटमध्ये लावावी, नाहीतर ती मेलेली समजून परत कराल. पुढचा विचार केला तर एएम४ वर, म्हणजे ३६०० च्या सॉकेटवर, त्याच बोर्डात पुढे रायझनचाच ५६०० किंवा ५७००एक्स३डी बसवता येतो, अर्थात पुन्हा बायोस पाहून. इंटेलचे १०४००एफ वाले सॉकेट अकराव्या पिढीवर संपले आणि बहुतेक एच४१०, बी४६० वर तीही चालत नाही. त्यामुळे बायोसची आवृत्ती डोळ्यांनी पाहिली असेल तर माझे मत ३६०० ला, आणि पाहता येत नसेल तर मुकाट्याने १०४००एफ ला.

वापरलेला माल हातात घेऊन पाहावा. ३६०० च्या पिना प्रोसेसरच्याच पोटाला असतात, म्हणून तो उजेडात आडवा धरून पिनांच्या रांगा सरळ दिसतात का ते पाहावे. इंटेलच्या पिना बोर्डच्या सॉकेटमध्ये असतात, तिथे मोबाइलचा टॉर्च मारावा. ३६०० वरचा कूलर थंड असताना सरळ वर ओढू नये, कारण सुकलेल्या थर्मल पेस्टला चिकटून प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो. पीसी थोडा वेळ चालवून गरम करावा, स्क्रू काढावेत आणि कूलर डावी-उजवीकडे फिरवत सोडवावा.

अंगभूत ग्राफिक्स दोघांतही नाही, त्यामुळे मॉनिटरची केबल कार्डालाच लागेल आणि कार्ड नसताना चाचणी करता येणार नाही. आरएक्स ६५००एक्सटी हे कार्ड फक्त चार लेनचे (बोर्डशी माहितीची ये-जा करणाऱ्या चार मार्गांचे) आहे आणि बी४५० काय, १०४००एफ काय, दोन्हीकडे त्या मार्गांची जुनी, कमी वेगाची पिढी, पीसीआयई ३.०, असल्याने ते तिथे मार खाते. आठ लेनचे आरएक्स ६६०० घ्यावे. एसएमपीएस खोक्यावरच्या वॅटवर नव्हे, तर आतल्या स्टिकरवर १२ व्होल्टसमोर किती अँपिअर लिहिले आहेत त्यावर निवडावा. रॅम ८-८ जीबीची जोडी. कॅबिनेट कोणतेही, हवा खेळती हवी.

जोडल्यावर बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग) चालू, टीपीएम आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या सेटिंगही चालू, कारण विंडोज ११ वर व्हॅलोरंट हा गेम या दोन्हींशिवाय उघडत नाही. रायझनवर टीपीएम चालू केल्यावर अधूनमधून अडखळल्यासारखे वाटले तर तो दोष एएमडीने २०२२ मध्ये बायोसमधूनच दूर केला आहे. म्हणजे पुन्हा तीच आवृत्ती, तीच तारीख. भावाला आत्ताच मेसेज केला आहे: फोटो आल्याशिवाय ॲडव्हान्स द्यायचा नाही.