नाव तेच, परीक्षा निराळी: सिडनीतील अकरावी-बारावी

महाराष्ट्रातून न्यू साउथ वेल्समध्ये, म्हणजे सिडनी ज्यात येते त्या ऑस्ट्रेलियातील राज्यात, आलेल्या पालकांची पहिली फसगत नावापासूनच होते. तिकडच्या बारावीला एचएससी म्हणतात आणि इकडच्या बारावीच्या प्रमाणपत्रालाही एचएससीच म्हणतात, त्यामुळे ‘आपण ही परीक्षा दिलेली आहे, आपल्याला ती ठाऊक आहे’ अशी समजूत नकळत होऊन बसते. मीही त्याच समजुतीने इथे आलो आणि मुलीच्या अकरावीचे पहिले सहा महिने मी तिला चुकीचेच सल्ले देत होतो.

सर्वांत आधी वेळापत्रक समजून घ्यावे. येथील शैक्षणिक वर्ष जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीच्या आरंभी सुरू होते, त्यात चार सत्रे असतात आणि ते डिसेंबरात संपते. बारावीचा अभ्यासक्रम मात्र पुढच्या जानेवारीची वाट पाहत नाही. बहुतेक शाळांमध्ये तो अकरावीच्याच वर्षी ऑक्टोबरात, चौथ्या सत्रात सुरू होतो. पुढच्या वर्षी जुलै-ऑगस्टच्या सुमारास शाळेची सराव परीक्षा, म्हणजे ‘ट्रायल’, होते, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मुख्य लेखी परीक्षा होते आणि डिसेंबरात निकाल लागतो. म्हणजे बारावीचे वर्ष प्रत्यक्षात जेमतेम चार सत्रांचे असते. मार्चमध्ये दहावीची परीक्षा देऊन मे-जूनमध्ये येथे आलेल्या मुलाला शाळा दहावीत बसवायचे म्हणते, तेव्हा पालकांना ‘वर्ष वाया गेले’ असे वाटते आणि ते अकरावीसाठी हट्ट धरतात. माझे मत याच्या नेमके उलट आहे. दहावीचे उरलेले सहा महिने भाषेला, शाळेच्या रीतीला आणि विषयनिवडीला मिळतात, आणि पुढील दोन वर्षांत त्या महिन्यांची किंमत कळते. अर्धी अकरावी उलटल्यावर वर्गात शिरणारे मूल मात्र सतत मागचे भरून काढत राहते.

विषयनिवड दहावीच्या वर्षी, साधारणपणे वर्षाच्या मध्यास होते. येथे सायन्स, कॉमर्स, आर्ट्स अशा शाखा नसतात. रसायनशास्त्राबरोबर इतिहास आणि त्यांच्या जोडीला चित्रकला घेणारे मूल येथे कोणालाच विचित्र वाटत नाही. हिशेब ‘युनिट’मध्ये होतो: बहुतेक विषय दोन युनिटांचे असतात, अकरावीला किमान १२ आणि बारावीला किमान १० युनिटे लागतात. म्हणून अनेक मुले अकरावीला सहा विषय घेतात आणि बारावीला त्यांतील एक सोडतात. सक्तीचा विषय एकच, तो म्हणजे इंग्रजी. त्यातही स्टँडर्ड, अ‍ॅडव्हान्स्ड असे स्तर आहेत. शिवाय अकरावीपूर्वी इंग्रजी माध्यमात पाच वर्षे किंवा त्याहून कमी काळ शिकलेल्या विद्यार्थ्यांसाठी ‘ईएएलडी’ हा, म्हणजे मातृभाषा इंग्रजी नसलेल्यांचा, वेगळा अभ्यासक्रम आहे. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाच्या पालकांनी शाळेकडे याची आवर्जून चौकशी करावी. त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. भाषाविषयांत हिंदी आहे, मराठी नाही.

आता गुणांविषयी, कारण आपल्या लोकांचा सर्वांत मोठा गोंधळ येथेच होतो. प्रत्येक विषयाच्या अंतिम गुणांपैकी निम्मे लेखी परीक्षेतून आणि निम्मे शाळेतील वर्षभराच्या मूल्यमापनातून, म्हणजे ‘असेसमेंट’मधून, येतात. ही असेसमेंट्स विषयागणिक मोजकीच असतात, त्यामुळे एकेकीचे वजन भारी असते. सबळ कारणाशिवाय एखादी चुकली तर शून्य मिळते, आजारपण असल्यास वेळेत अर्ज आणि डॉक्टरांचा दाखला द्यावा लागतो. शेवटच्या दोन महिन्यांत रात्रंदिवस घोकून बाजी मारण्याची आपली जुनी युक्ती येथे अर्धीच चालते, कारण तोपर्यंत निम्मी बाजी खेळून झालेली असते.

शाळेने दिलेले गुण जसेच्या तसे धरले जात नाहीत. त्या शाळेतील सर्व मुलांनी मिळून लेखी परीक्षेत कशी कामगिरी केली त्यावरून ते गुण वर-खाली सरकवले जातात. मुलांचा आपापसातील क्रम मात्र तोच राहतो. याचा अर्थ असा की शाळेतील क्रमांक महत्त्वाचा आहे, पण वर्गातील इतर मुले लेखी परीक्षेत चांगले लिहितील तर त्यात आपल्या मुलाचाही फायदा आहे. आपल्या वह्या लपवून ठेवणाऱ्या मुलाला हे आधीच समजावून सांगावे.

विद्यापीठप्रवेशासाठी लागणारा एटार हा आकडा यापासून वेगळा आहे. एचएससी देण्याचे काम नेसा ही राज्य सरकारची संस्था करते, तर एटार यूएसी हे प्रवेशकेंद्र काढते. एटार म्हणजे टक्के नव्हेत, तो क्रम आहे: ८० एटार म्हणजे आपल्या वयाच्या पिढीतील वरच्या २० टक्क्यांत जागा, आणि सर्वांत वरचा आकडा ९९.९५ असतो. त्यासाठी इंग्रजीची दोन युनिटे धरून उत्तम १० युनिटांचे गुण घेतले जातात आणि ते ‘स्केलिंग’ करून एकमेकांशी तुलनीय केले जातात. या स्केलिंगविषयी मराठी मंडळींच्या स्नेहमेळाव्यांत जितके ऐकू येते त्यातील बरेचसे अर्धवट असते. ‘अमुक विषय वर स्केल होतो, म्हणून तोच घ्या’ हा सल्ला मीही मानला आणि मुलीला एक्स्टेन्शन गणित, म्हणजे नेहमीच्या गणिताच्या पुढचा अवघड अभ्यासक्रम, घ्यायला लावले. तिने ते दोन सत्रे रडतखडत केले, त्यात इतर विषयांचाही वेळ गेला आणि शेवटी ते सोडले. ज्या मुलाला तो विषय खरोखर जमतो त्यालाच त्या स्केलिंगचा लाभ होतो. विषय निवडताना आवड, आजवरची कामगिरी आणि हव्या असलेल्या अभ्यासक्रमासाठी विद्यापीठ कोणते पूर्वज्ञान गृहीत धरते, या तीनच गोष्टी पाहाव्यात.

खासगी ट्युशनबद्दल माझे मत मवाळ आहे. एखाद्या कच्च्या विषयाला आधार म्हणून ती ठीक आहे, पण पाच विषयांना पाच क्लास लावल्यावर शाळेचे असेसमेंट लिहायला वेळ उरत नाही. नेसाच्या संकेतस्थळावर मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका मोफत मिळतात. त्या घड्याळ लावून सोडवणे आणि उत्तर शाळेतील शिक्षकांकडून तपासून घेणे याची बरोबरी कोणताही क्लास करत नाही. येथील शिक्षकांकडे शंका घेऊन जाणे उद्धटपणाचे समजले जात नाही, हे आपल्या संकोची मुलांना पुन्हा पुन्हा सांगावे लागते.

वैद्यकीय शिक्षणाची इच्छा असेल तर पदवीपूर्व प्रवेशासाठी बहुतेक विद्यापीठे यूकॅट ही वेगळी परीक्षा मागतात. ती बारावीच्याच वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये, म्हणजे ट्रायलच्या सुमारास येते, म्हणून नोंदणीची तारीख वर्षाच्या आरंभीच टिपून ठेवावी.

व्हिसाचा प्रश्न मात्र पालकांनी स्वतः, आणि लवकर, हाताळावा. काही तात्पुरत्या व्हिसांवर सरकारी शाळेतही शुल्क पडते आणि विद्यापीठात सर्वसाधारणपणे परदेशी विद्यार्थ्यांचे पूर्ण शुल्क भरावे लागते. कायम निवासाचा हक्क मिळाल्यावर सरकारी अनुदानित जागा मिळू शकते, पण विद्यार्थ्याचा हिस्सा आगाऊ भरावा लागतो. तो हेक्स-हेल्प या सरकारी शैक्षणिक कर्जातून नंतर फेडण्याची सोय मुख्यत्वे नागरिकांना आहे. मूल अकरावीत असतानाच हा हिशेब मांडलेला बरा, कारण नागरिकत्वाचा अर्ज काही महिने आधी की नंतर, यावर घरातील मोठी रक्कम अवलंबून असू शकते.

परीक्षा संपताच बरीच कुटुंबे भारतात जातात. त्यास हरकत नाही, पण डिसेंबरात एटार लागल्यावर विद्यापीठातील अभ्यासक्रमांचा पसंतीक्रम बदलण्यास थोडेच दिवस मिळतात आणि ती मुदत सिडनीच्या वेळेनुसार संपते. यूएसीच्या खात्याचे लॉगिन, भारतातही चालणारा फोन आणि पाच पसंतींची विचारपूर्वक केलेली यादी मुलाजवळ असावी.