ईव्ह ऑनलाइनमध्ये कॉर्प चालवताय? नव्या सदस्यांच्या बाबतीत या चुका टाळा

ईव्ह ऑनलाइन हा अंतराळातला ऑनलाइन खेळ २००३ पासून चालू आहे आणि चीनचा वेगळा सर्व्हर सोडला तर जगभरचे खेळाडू एकाच विश्वात उडतात. इथे कॉर्पोरेशनमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या संघटनेत (रोजच्या बोलण्यात कॉर्प), नवा माणूस घेणं म्हणजे यादीत नाव वाढवणं नव्हे. तो तुमच्या हँगरपर्यंत, म्हणजे कॉर्पच्या सामायिक गोदामापर्यंत, पोचतो, तुमच्या फ्लीटमध्ये, म्हणजे एकत्र उडणाऱ्या ताफ्यात, येतो, तुमच्यावर युद्ध आलं तर त्याच्यावरही येतं. फसवणूक आणि चोरी हा या खेळाचा मान्य भाग आहे, गेलेला माल कंपनी परत देत नाही.

छोट्या कॉर्प मोडतात त्या बहुतेक एकाच उलटसुलट कारभारामुळे: नव्या माणसाला अधिकार पहिल्याच दिवशी मिळतात आणि काम मात्र तिसऱ्या आठवड्यातही मिळत नाही. हे नेमकं उलटं हवं. खालच्या बहुतेक चुका यातूनच निघतात.

अर्ज मंजूर केला की माणूस आत आला, असं धरून चालणं

आधी सोपी अडचण. खेळाडू अर्ज करतो, पर्सोनेल मॅनेजरचा रोल (कॉर्पमधला अधिकार) असलेला सदस्य तो मंजूर करतो आणि तिथून पुढे काहीच घडत नाही. कारण मंजुरीनंतर खेळाडूला निमंत्रण जातं आणि ते त्याने स्वतः स्वीकारावं लागतं. नव्याला ही दुसरी पायरी माहीत नसते. तो तुमची वाट पाहतो, तुम्ही त्याची. मंजुरी देताच त्याला दोन ओळींचा निरोप पाठवा: कॉर्पोरेशनची खिडकी उघड, अर्जांच्या यादीत जा, निमंत्रण स्वीकार.

दुसरं कारण असं की, तो आधीच्या कॉर्पमध्ये रोल घेऊन बसलेला असू शकतो. रोल सोडल्यावर २४ तास थांबल्याशिवाय कॉर्प सोडता येत नाही. इथे तुमच्या बाजूने करण्यासारखं काही नाही, फक्त त्याला हे आधी सांगा, म्हणजे तो अर्ज मागे घेऊन दुसरीकडे जाणार नाही.

तीन दिवसांच्या पायलटची तीस प्रश्नांची मुलाखत

तपासणी हवीच, पण ती समोरच्या पायलटच्या वयाप्रमाणे हवी. जुन्या पायलटची नोकरीची यादी, म्हणजे तो कोणकोणत्या कॉर्पमध्ये किती दिवस होता, ही कुणालाही दिसते. दर पंधरा दिवसांनी कॉर्प बदललेली दिसली तर थेट विचारा. एपीआयची, म्हणजे त्याच्या खात्याचा तपशील बाहेरून पाहण्याची, परवानगी मागत असाल तर नेमकं काय पाहणार ते सांगा. वॉलेटची नोंदवही आणि संपर्कयादी यांतून बरंच कळतं. सगळ्या चौकटींवर खुणा करून मागू नका.

खरोखर नव्या खेळाडूच्या खात्यात पाहण्यासारखं काही नसतंच. त्याला मुलाखतीत अडवून फायदा नाही. तो हेर असेल तरी मुलाखतीतून उघडा पडणार नाही. त्याला रोखायचं काम रोलच्या व्यवस्थेचं आहे, मुलाखतीचं नाही. त्याला तीनच गोष्टी विचारा: किती वाजता खेळतो, आतापर्यंत काय करून पाहिलं, आणि आवाजी संभाषणावर ऐकायला तरी येऊ शकतो का. बोलायची सक्ती पहिल्या महिन्यात करू नका.

प्रवेश फी घेऊ नका आणि ‘तुझा सगळा माल आमच्या मालवाहू जहाजाकडे सोपव, आम्ही नेतो’ असं प्रामाणिक हेतूनेही सुचवू नका. नव्यांना लुबाडणाऱ्या कॉर्प हेच वाक्य वापरतात आणि सावध नवा खेळाडू ते ऐकून पळतो. त्याचं पळणं बरोबरच असतं.

रोल वाटणं

सर्वांत महागात पडणारी चूक ही, म्हणून इथे जरा थांबू.

कॉर्पच्या हँगरचे सात भाग असतात. प्रत्येक भागासाठी ‘क्वेरी’ आणि ‘टेक’ असे दोन वेगळे अधिकार आहेत. क्वेरी असेल तर आतला माल दिसतो, टेक असेल तर तो उचलता येतो. डब्यांसाठी म्हणजे कंटेनरसाठी अधिकार आणखी निराळा. घाईत सीईओ सगळ्या खुणा करून मोकळा होतो आणि सातव्या भागातले मूळ ब्लूप्रिंटही (वस्तू बनवण्याचे आराखडे) नव्याच्या हाताशी येतात.

मांडणी अशी ठेवा. पहिला भाग नव्यांचा: बांधून तयार फ्रिगेट (छोटी, स्वस्त जहाजं), गोळ्या, प्रोब (शोध घेणारी उपकरणं), काही सुटे मॉड्यूल (जहाजावर बसवायचे भाग). या भागात नव्यांना क्वेरी आणि टेक दोन्ही. इथला सगळा माल एका रात्रीत गेला तरी कॉर्पला झळ लागू नये, एवढीच त्याची किंमत असू द्या. बाकी सहा भागांत नव्यांना काहीच नको, क्वेरीही नको. काय आहे ते दिसलं की चोराचं निम्मं काम होतं. कुणी काय नेलं हे कळायला हवं असेल तर माल स्टेशन कंटेनरमध्ये ठेवा. त्यात काढ-घाल नोंदवली जाते. मौल्यवान मूळ ब्लूप्रिंट मतदानाने लॉक करून ठेवता येतात. लॉक केलेला ब्लूप्रिंट कामाला लावता येतो, पण हलवता येत नाही.

रोल एकेका माणसाला हाताने देऊ नका. खेळात १६ टायटल, म्हणजे रोलचे तयार गट, बनवता येतात. ‘नवा’, ‘सदस्य’, ‘फ्लीट’, ‘उद्योग’ अशी चार-पाच बनवा, रोल टायटलला जोडा आणि माणसाला फक्त टायटल द्या. सहा महिन्यांनी कुणाकडे काय आहे हे शोधताना याचं मोल कळतं.

नेहमीची तक्रार: ‘रोल दिला, तरी हँगर दिसत नाही.’ जवळजवळ दर वेळी कारण एकच असतं. हँगरचे अधिकार मुख्यालय, बेस आणि इतर अशा तीन ठिकाणांसाठी वेगवेगळे दिले जातात. तुम्ही मुख्यालयाच्या रकान्यात खूण केली आणि तो उभा आहे दुसऱ्या स्टेशनवरच्या ऑफिसात. तिथे ‘इतर’ लागतं. ‘बेस’चा रकाना तर सदस्याच्या नावावर बेस ठरवून दिला असेल तरच कामाचा. रकाना तपासा, नव्याला हँगरची खिडकी बंद करून पुन्हा उघडायला सांगा.

डायरेक्टरचा रोल म्हणजे घराच्या सगळ्या किल्ल्या एका जुडग्यात. ‘भरती सांभाळतो, बिचाऱ्याला अडचण नको’ म्हणून तो देणाऱ्यांची संख्या थक्क करणारी आहे. भरतीला पर्सोनेल मॅनेजर पुरतो, फलक आणि निरोपांना कम्युनिकेशन्स ऑफिसर, फिट (जहाजावरच्या मॉड्यूलची ठरलेली मांडणी) साठवायला फिटिंग मॅनेजर. वॉलेट नुसतं पाहायला ज्युनिअर अकाउंटंट. २००९ च्या फेब्रुवारीत बँड ऑफ ब्रदर्स ही त्या काळातली बलाढ्य अलायन्स (कॉर्पची आघाडी) विरुद्ध पक्षाला मिळालेल्या एका डायरेक्टरने आतून बरखास्त केली, लढाई न होता. पन्नास जणांच्या कॉर्पला डायरेक्टर दोन किंवा तीन पुष्कळ झाले.

पहिल्या आठवड्यात नव्याला काही काम नसणं

नवा खेळाडू जहाज गमावल्यामुळे सोडून जातो असं मानलं जातं. जहाज जाणं त्याला पचतं, कुणी सोबत असेल तर. तो जातो कारण चार संध्याकाळी लॉगिन करून त्याला कुणी नावाने हाक मारलेली नसते.

कॉर्पमध्ये आल्यापासून २४ तासांत एका ठरलेल्या माणसाने त्याच्याशी बोललं पाहिजे. ‘कुणीतरी बोलेल’ यात कुणीच बोलत नाही. एका जुन्याकडे तीन-चारपेक्षा जास्त नवे देऊ नका. पहिल्या भेटीची कामं ठरलेली: कॉर्पच्या स्टेशनपर्यंत आणणं, तिथे पोचल्यावर होम स्टेशन बदलून घेणं, कॉर्पचा स्किल प्लॅन दाखवणं, डिस्कॉर्डवर आणणं. होम स्टेशन विसरलं तर पॉड (जहाज गेल्यावर उरणारी पायलटची कुपी) फुटल्यावर तो आपल्या सुरुवातीच्या स्टेशनात, कधी वीस-तीस उड्या (एका तारामंडळातून दुसऱ्यात) लांब, जागा होतो आणि तिथूनच लॉगआउट करतो.

करिअर एजंटची, म्हणजे नवशिक्यांना शिकवणारी, कामं पूर्ण करायला सांगा, पण एकट्याला तिथे सोडून देऊ नका. जहाजं आणि स्किलची पुस्तकं तिथे फुकट मिळतात, कंटाळाही येतो. दोन कामं त्याची, मग अर्धा तास तुमच्याबरोबर.

स्किलबाबत सल्ल्यांचा पाऊस पडतो, तो थांबवा. ऊर्जा, सीपीयू, कपॅसिटर, ढाल, चिलखत, वेग यांची पायाभूत स्किल कोणत्याही जहाजात उपयोगी पडतात. ती आधी तीन-चार पातळीपर्यंत, मग एक फ्रिगेट आणि तिची शस्त्रं. बस. पाच पातळीचा आग्रह धरलात तर तो कित्येक आठवडे नुसता आकडे वाढताना पाहील. फुकट खेळणारा, म्हणजे अल्फा, पन्नास लाख स्किल पॉइंटनंतर पुढे शिकू शकत नाही आणि टेक टू, म्हणजे वरच्या दर्जाची, जहाजं त्याला चालवता येत नाहीत. प्लॅनमध्ये इंटरसेप्टर (एक टेक टू फ्रिगेट) लिहून ठेवलं असेल तर अर्ध्या नव्यांसाठी तो प्लॅन निरुपयोगी आहे.

मोठं जहाज भेट देणं

प्रेमापोटी होणारी चूक. कुणीतरी उदार होऊन नव्याला बॅटलशिप देतो. त्याच्याकडे ती पेलायची स्किल नसतात, म्हणून ती लंगडी उडते. तो एकटा लोसेकमध्ये, म्हणजे कमी सुरक्षेच्या भागात, जातो, पहिल्या गेटवर फुटतो. आता एवढी भेट गमावली म्हणून तो शरमेने बोलेनासा होतो.

त्याऐवजी एकाच फिटची पाच फ्रिगेट द्या, तीही एकदम नको, एक फुटली की दुसरी. खाणकाम आवडणाऱ्याला व्हेंचर ही खाणफ्रिगेट. तिचं ५,००० घनमीटरचं खनिजाचं कोठार आणि वॉर्प कोअरची (झेप घेऊन निसटण्याच्या यंत्रणेची) उपजत वाढीव ताकद नव्याला सावरून घेते: एका साध्या स्क्रॅम्बलरने (ही झेप रोखणाऱ्या उपकरणाने) ती अडकत नाही. शोधमोहिमेची आवड असेल तर हेरॉन किंवा मॅग्नेट ही शोधफ्रिगेट, कोअर प्रोब लाँचर आणि आठऐवजी सोळा प्रोब. वर्महोलमध्ये (अज्ञात भागात नेणाऱ्या तात्पुरत्या वाटेत) शिरून प्रोब संपले की बाहेरची वाट सापडत नाही.

नुकसानभरपाई देत असाल तर नियम लिहून ठेवा: कॉर्पचा फिट असावा, कॉर्पच्या फ्लीटमध्ये गेलेलं असावं, किलमेल (जहाज फुटल्याची नोंद) जोडावा. आणि पैसे दुसऱ्या दिवशी द्या. पंधरा दिवसांनी मिळालेल्या भरपाईची त्याला आठवणही नसते.

फ्लीटमध्ये नव्याची बंदूक चालत नाही

लोसेकच्या पहिल्या फ्लीटमध्ये हमखास ओरड येते, ‘बटण दाबतोय, काहीच होत नाही.’ त्याची सेफ्टी हिरवी असते. हिरव्या सेफ्टीत गुन्हा ठरेल अशी कोणतीही कृती खेळ करू देत नाही. लोसेकमध्ये अनोळखी जहाजावर पहिली गोळी झाडायला पिवळी लागते. परत हायसेकमध्ये (जास्त सुरक्षेच्या भागात) येण्याआधी सगळ्यांनी ती हिरवी केली का, हे फ्लीट कमांडरने मोठ्याने विचारावं. नाहीतर तोच नवा खेळाडू पिवळा, म्हणजे दुसऱ्याच्या मालकीचा, अवशेष उघडून १५ मिनिटं सस्पेक्ट होतो आणि कुणीही त्याला कायदेशीरपणे मारू शकतं.

दुसरी अडचण ओव्हरव्ह्यूची, म्हणजे आसपासच्या जहाजांच्या यादीची. मूळ मांडणीत गर्दी असते आणि मित्र-शत्रू ओळखू येत नाहीत. कॉर्पची एक मांडणी तयार करून तिची लिंक चॅनलच्या फलकावर ठेवा. फ्लीट निघायच्या दहा मिनिटं आधी ती लोड करून घ्या. जागेवर पोचल्यावर नाही.

नव्याला फ्लीटमध्ये मागे ठेवायची पद्धत चुकीची आहे. स्वस्त फ्रिगेटमधला टॅकल, म्हणजे शत्रूला पळू न देता धरून ठेवणं, हे खरं, उपयोगी काम आहे आणि ते तिसऱ्या दिवशी जमतं. आकडे फक्त चार सांगा: साधा डिसरप्टर (लांबून झेप रोखणारा) २० किलोमीटर, टेक टू २४. साधा स्क्रॅम्बलर साडेसात, टेक टू ९. स्क्रॅम्बलर मायक्रोवॉर्पड्राइव्हही (वेग वाढवणारं इंजिन) बंद पाडतो, म्हणून तो जवळ जाऊन लावण्यात अर्थ आहे. थेट सरळ रेषेत धावू नको, तिरकं जा, आणि पकडलंस की नाव सांग. जहाज बहुधा जाईल हेही आधी सांगा.

युद्ध आणि आपसातली गोळी

अंतराळात स्वतःचं स्ट्रक्चर (खेळाडूंनी उभारलेला तळ) असलेल्या कॉर्पवरच युद्ध पुकारता येतं. नव्यांची कॉर्प असेल तर स्ट्रक्चरचा मोह टाळा, स्टेशनमधलं ऑफिस भाड्याने घ्या. स्ट्रक्चर असलंच तर युद्धाची सूचना आल्यापासून गोळीबार सुरू होईपर्यंत २४ तास मिळतात. त्या वेळात नव्यांना नावानिशी निरोप पाठवा: जिताकडे (खेळातल्या मुख्य बाजाराकडे) माल घेऊन जाऊ नका, खाणकाम थांबवा. शक्य असेल तर त्यांच्यासाठी स्ट्रक्चर नसलेली वेगळी प्रशिक्षण कॉर्प ठेवा.

फ्रेंडली फायरची, म्हणजे आपसातल्या गोळीची, सेटिंग ‘बेकायदेशीर’वर ठेवा. ‘कायदेशीर’ असेल तर एखादा सदस्य हायसेकमध्येही तुमच्या खाणजहाजांवर गोळ्या झाडू शकतो आणि कॉनकॉर्ड (हायसेकचे पोलीस) येत नाही. सराव हवा असेल तर द्वंद्वाचं आमंत्रण आहेच. ही सेटिंग बदलली तरी अंमल २४ तासांनी होतो, त्यामुळे गोंधळ झाल्यावर धावपळ करून उपयोग नाही.

वेळ नुसती ‘रात्री ९’ अशी लिहिणं

खेळाचं घड्याळ यूटीसीवर चालतं. पुण्या-मुंबईतल्या खेळाडूसाठी त्यात साडेपाच तास मिळवायचे. रोजचा डाउनटाइम ११:०० ला, म्हणजे आपल्याकडे दुपारी साडेचारला. युरोपीय कॉर्पचा फ्लीट १९:०० ला असेल तर तो इथे रात्री साडेबारा. नोकरी करणाऱ्याला रोज ते जमणार नाही. मराठी मुलांना भरती करणाऱ्या कॉर्पने १५:०० ते १७:०० यूटीसीमध्ये, आपल्या साडेआठ ते साडेदहाच्या वेळात, आठवड्यातून दोन छोटे फ्लीट तरी ठेवावेत. कॅलेंडरमध्ये नोंद करताना आधी यूटीसी, शेजारी भारतीय वेळ.

गप्प झालेल्यांना थेट काढून टाकणं

महिनाभर न दिसलेला नवा परीक्षेत असेल, गावाला गेला असेल. आधी खेळातल्या मेलवर आणि डिस्कॉर्डवर एक निरोप, दोन आठवडे वाट, मग रोल काढणं, आणि शेवटी कॉर्पमधून काढणं. रोल काढायला मात्र उशीर नको. सोडून दिलेलं खातं दुसऱ्याच्या हाती पडू शकतं. काढताना त्याच्या मेलमध्ये लिहून ठेवा की परत यायचं असेल तर कुणाला विचारायचं.