समीकरण सोडवण्याआधी वाचायला शिकवा

मुंबईत अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला एम-टू, म्हणजे गणिताचा दुसरा पेपर, शिकवताना बहुतेक वेळ डिफरन्शियल समीकरणे (राशीच्या बदलाचा दर सांगणारी समीकरणे) सोडवण्याच्या रीती उरकण्यात जातो, आणि मग सर्किटच्या तासाला तेच समीकरण समोर आले की विद्यार्थ्यांना ते ओळखता येत नाही. यावर माझ्या मते एकच खात्रीचा उपाय आहे: प्रत्येक समीकरण सोडवण्याआधी मोठ्याने, एकेका पदाचे एकक सांगत, वाक्यासारखे वाचून घ्यावे.

सुरुवात भरती-ओहोटीने करावी. मुंबईच्या किनाऱ्यावर लागोपाठच्या दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटे जातात. पातळीत ४ मीटरचा फरक धरून फळ्यावर कोसाइनचा आलेख काढावा आणि पाणी सर्वांत वेगाने कधी चढते, असे विचारावे. ‘ऐन भरतीला’ हे उत्तर हमखास येते. डेरिव्हेटिव्ह, म्हणजे बदलाचा दर, काढला की दिसते, ऐन भरतीला दर शून्य असतो आणि मधल्या पातळीवर तो तासाला सुमारे १ मीटर असतो. राशीचे मूल्य आणि तिच्या बदलाचा दर यांतला गोंधळ इथेच मिटवावा.

त्यानंतर कपॅसिटर, म्हणजे विद्युतभार साठवणारा घटक, घ्यावा, आणि तो नुसता फळ्यावर न काढता वर्गात आणावा. लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात १०० किलोओहमचा रेझिस्टर आणि ४७० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर अगदी स्वस्तात मिळतो. ‘व्होल्टेज घटण्याचा दर म्हणजे उरलेले व्होल्टेज भागिले आर-सी’ (रेझिस्टन्स गुणिले कपॅसिटन्स) असे समीकरण आधी वाचून घ्यावे. ओहम म्हणजे व्होल्ट भागिले ॲम्पिअर आणि फॅरड म्हणजे कूलंब भागिले व्होल्ट, तेव्हा त्यांच्या गुणाकारात सेकंदच उरतात, हे विद्यार्थ्यांनी स्वतः मांडावे. मग रेझिस्टर कपॅसिटरच्या दोन टोकांना जोडून कपॅसिटर ५ व्होल्टपर्यंत चार्ज करावा, सप्लाय काढावा आणि दर १० सेकंदांनी मल्टिमीटरचे आकडे टिपायला लावावेत. हिशेबाने ४७ सेकंदांनी १.८४ व्होल्ट उरायला हवेत. प्रत्यक्षात आकडा बहुधा वेगळा येतो, कारण अशा कपॅसिटरवर छापलेल्या कपॅसिटन्सच्या आकड्यात २० टक्क्यांपर्यंत फरक चालतो. ही तफावत मुळीच झाकू नये. टिपलेल्या आकड्यांचे लॉगॅरिदम घेऊन आलेख काढला की सरळ रेषा मिळते आणि तिच्या उतारावरून खरा टाइम कॉन्स्टंट, म्हणजे आर-सीचे खरे मूल्य, निघतो. लॉगॅरिदम कशासाठी शिकलो, याचे उत्तर विद्यार्थ्यांना त्या कागदावरच सापडते.

दुसऱ्या ऑर्डरचे, म्हणजे दुसरा डेरिव्हेटिव्ह असलेले, समीकरण शिकवताना स्प्रिंगला टांगलेले वजन आणि एल-सी-आर सर्किट शेजारी शेजारी लिहावे. वस्तुमानाच्या जागी एल (कॉइलचा इंडक्टन्स), घर्षणाच्या जागी आर आणि स्प्रिंगच्या ताठरपणाच्या जागी एक भागिले सी ठेवले की समीकरण तेच राहते.

अर्थात परीक्षेत विचारले नाही, तर हे कोणी मनावर घेणार नाही. म्हणून प्रत्येक चाचणीत एक प्रश्न असा ठेवावा, ज्यात समीकरण सोडवायचे नाही. आर दुप्पट केला तर काय बदलेल आणि काय तसेच राहील, एवढेच कारणासह पूर्ण वाक्यांत लिहायचे.