‘डिग’ या शब्दाचा अर्थ लावताना या चुका टाळा

सांगली-साताऱ्याकडील विद्यार्थ्यांचे इंग्रजीवरून केलेले अनुवाद तपासताना ‘डिग’ या शब्दापाशी त्याच त्या चुका आढळतात, कारण शब्दकोशातील ‘खणणे’ हा पहिला अर्थ उचलून तो सर्वत्र बसवला जातो.

मातीच्या कामातसुद्धा तो सर्वत्र बसत नाही. विहीर खणतात आणि पाया खोदतात. परंतु शेतातले बटाटे, हळद किंवा आले ‘डिग’ केले असेल, तर मराठीत ते ‘काढले’ असेच म्हणावे लागते. ज्यांच्या घरी आले पिकते, त्या मुलांनीही ‘आले खणले’ असे लिहावे याचे वाईट वाटते, कारण कुदळीने गादीवाफा उकरून, माती झटकून गड्डे बाजूला टाकण्याच्या या कामाला ती घरी ‘काढणी’च म्हणत असतात.

शब्द नाम म्हणून आला की फसगत वाढते. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४५-४६ मध्ये पुरातत्त्वज्ञ सांकलिया आणि दीक्षित यांनी केलेले उत्खनन हे ‘डिग’च; मात्र एखाद्या पुढाऱ्याने विरोधकावर ‘डिग’ घेतला, म्हणजेच शब्दापाठोपाठ ‘अ‍ॅट’ आले, तर तो टोमणा असतो. ब्रिटिश कथेतला विद्यार्थी ‘डिग्ज’मध्ये राहतो, तेव्हा ती भाड्याची खोली समजावी. व्हॉलीबॉलमध्ये स्मॅशचा चेंडू जमिनीला टेकण्याआधी उचलणे म्हणजे ‘डिग’, आणि मैदानावर हाच शब्द रुळलेला असल्याने तो तसाच ठेवणे उत्तम.

सर्वांत जास्त काळजी ‘डिग इन’ला लागते. जेवणाच्या ताटावर कोणी तसे म्हणाले, तर ‘करा सुरुवात’. सैनिकांनी केले, तर खंदक खणून ठाण मांडले. फलंदाजाने केले, तर त्याने नांगर टाकला. आणि त्यात टाचांचा उल्लेख आला, तर माणूस हट्टाला पेटला. म्हणून अर्थ अडला की आधी शब्दामागून येणारे अव्यय पाहावे, मग कर्ता कोण व कर्म कोणते ते पाहावे, आणि त्यानंतरच शब्दकोश उघडावा.

‘आय डिग धिस साँग’ या वाक्यात ‘आवडणे’ हा अर्थ आहे; तो अमेरिकेतील कृष्णवर्णीय जॅझ वादकांच्या बोलीतून आला. भूतकाळी रूप ‘डग’ असे लिहावे. ‘डिग्ड’ हे पूर्वी वापरात असलेले रूप आज चालत नाही.