पावसाळ्याआधी नदीवरच्या सेन्सरची तपासणी

बॅटरी, सोलर पॅनेल, सिमची रेंज हे सगळेच बघतात. गोदावरीवरच्या पातळी मोजणाऱ्या ठाण्यावर पोचल्यावर पहिलं काम म्हणजे काठावरची मोजपट्टी डोळ्यांनी वाचायची, वेळ लिहायची आणि त्याच मिनिटाची लॉगरची (सेन्सरचे आकडे साठवणाऱ्या यंत्राची) नोंद शेजारी मांडायची. दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर पुढच्या कामाला हात लावू नका. पुलावरून खाली पाण्यापर्यंतचं अंतर मोजणारा रडार साफ करून परत बसवताना वीस सेंटिमीटर खाली बसला, तर पातळी कायम वीसने जास्त येते आणि आलेख तरीही देखणा दिसतो. आकडे आपोआप तपासणाऱ्या संगणकाच्या चाचण्यांतून ही चूक बिनबोभाट सुटते. तिला पकडते फक्त पट्टी. पट्टीवर शेवाळ असेल तर आधी घासा, अंदाजाने वाचू नका.

लॉगरचं घड्याळ भारतीय वेळेवर आहे की यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर? साडेपाच तासांचा घोळ झाला तर गंगापूर धरणाच्या विसर्गाशी काहीच जुळणार नाही.

या चाचण्यांमधली पातळीची कमाल मर्यादा त्या जागेच्या आजवरच्या मोठ्या पुराच्या बरीच वर ठेवा. उसळीच्या, म्हणजे अचानक उडालेला आकडा पकडणाऱ्या चाचणीत घाई नको. पंधरा मिनिटांच्या नोंदींत एकच आकडा उडाला आणि पुढचा जागेवर आला, तर रडारखालून जलपर्णी किंवा ओंडका गेला असेल. आकडा चढला आणि चढतच राहिला, तर आधी विसर्ग तपासा. आपोआप खोडणारी चाचणी इथेच खरा पूर गिळते. म्हणून खोडायचं काहीच नाही, खूण लावायची: १ बरोबर, ३ संशयित, ४ बाद, ९ नोंद नाही. मूळ आकडा तसाच राहू द्या.

तासन्‌तास न हललेली पातळी भर पावसात संशयित, पण उन्हाळ्यात बंधाऱ्यामागे ती खरीही असते. ऋतूप्रमाणे वेगळी मर्यादा लावा.

पाण्याच्या दाबावरून पातळी मोजणाऱ्या सेन्सरची बाहेरच्या हवेला जोडलेली नळी तुंबली की वातावरणाच्या दाबातल्या दर हेक्टोपास्कलमागे पातळी सेंटिमीटरभर सरकते. नळीतली ओल शोषणारं सिलिका जेल निळ्याचं गुलाबी झालं असेल तर बदला. बदलल्यावर? पट्टी वाचा. केबल हलवली, ब्रॅकेट आवळलं, प्रत्येक वेळी पट्टी वाचा.

पाण्याच्या गुणवत्तेचं थोडक्यात: विद्युतवाहकता शून्याजवळ आली तर सेन्सर पाण्याबाहेर उघडा पडलाय. विरघळलेला ऑक्सिजन भर दुपारी शेवाळामुळे संपृक्ततेच्या (पाण्यात एरवी मावेल तेवढ्या प्रमाणाच्या) वर जातो, पहाटे तसाच वर दिसला तर संशयित. गढूळपणा रोज थोडा थोडा चढत असेल तर सेन्सरची काच पुसणारा वायपर बघा.