पंख सरळ झाले, तरी कान मानत नाही

बाहेरचं काही दिसत नसताना फक्त इन्स्ट्रुमेंटवर उडताना कान वैमानिकाला फसवतो. लीन्स, कोरिऑलिस, ग्रेव्हयार्ड स्पायरल ही त्या फसवणुकींची नावं पेपरपुरती सगळ्यांनाच पाठ असतात. फसायचं ते तरीही फसतात.

खरी गोम वळण संपल्यावर असते. हूड (बाहेरचं दिसू नये म्हणून डोळ्यांवरची झापड) घालून डावीकडे स्टँडर्ड रेट टर्न घेतलाय, सेकंदाला 3 अंश, 100 नॉटला साधारण 15 अंश बँक, म्हणजे पंखांचा कल. अंतर्कर्णाच्या अर्धवर्तुळाकार नलिकांमधला द्रव सुरुवातीला मागे रेंगाळतो, म्हणून वळण जाणवतं. 15-20 सेकंदांत तो नलिकेबरोबर फिरू लागतो आणि कान म्हणतो, सरळच चाललोय. आता पंख समतल केले की द्रव वाहतच राहतो आणि उजवीकडे कलल्याची खात्री वाटते. खात्री, शंका नव्हे! हेच लीन्स. हात आपसूक योक (विमानाचं स्टिअरिंग) डावीकडे नेतो, विमान परत त्याच वळणात जातं आणि शरीराला बरं वाटतं. हे बरं वाटणं म्हणजेच सापळा.

बँकेत नाक खाली जातं, उंची दाखवणारा अल्टिमीटर उतरू लागतो. अशा वेळी योक ओढला तर वळण आणखी आवळतं, हाच ग्रेव्हयार्ड स्पायरल. क्रम पाठच करा: पॉवर कमी, पंख समतल, मग हलक्या हाताने नाक वर. उलटा क्रम जीव घेतो.

लीन्स आले म्हणून खचू नका. निरोगी कान असाच वागतो. अंग डावीकडे झुकवून बसलात तरी चालेल, योक मात्र झुकवू नका. थोड्या वेळात ते ओसरतं.

‘इन्स्ट्रुमेंटवर विश्वास ठेव’ एवढंच सांगून मोकळे होणारे इन्स्ट्रक्टर अर्धंच शिकवतात. कोणत्या इन्स्ट्रुमेंटवर? 1 जानेवारी 1978 च्या रात्री मुंबईहून दुबईला निघालेलं एअर इंडियाचं 747 वांद्र्यासमोर समुद्रात कोसळलं, 213 जण गेले. कॅप्टनचा अ‍ॅटिट्यूड इंडिकेटर (विमानाचा कल दाखवणारं यंत्र) उजव्या बँकेवरच अडकला आणि तो खरा मानून विमान डावीकडे कलवत नेलं गेलं, असा चौकशीचा निष्कर्ष होता. ताडून पाहायला दुसरे इंडिकेटर होते, पण काळ्या समुद्रावर क्षितिज नव्हतं.

जुन्या सेसना 172 मध्ये अ‍ॅटिट्यूड आणि हेडिंग (दिशा दाखवणारा) इंडिकेटर व्हॅक्यूम (हवा ओढणाऱ्या) पंपावर चालतात, वळण दाखवणारा टर्न कोऑर्डिनेटर विजेवर. अ‍ॅटिट्यूड बँक दाखवतोय, पण टर्न कोऑर्डिनेटर सरळ आणि होकायंत्र स्थिर, तर खोटा कोण ते कळतं. पंप गेला की जायरो (यंत्रातली फिरती चकती) एकदम पडत नाही, हळूहळू झुकतो, आणि तुम्ही त्याच्या मागे झुकत जाता. व्हॅक्यूम गेज स्कॅनमध्ये (इन्स्ट्रुमेंटवरून फिरणाऱ्या नजरेत) घ्याच.

वळणात पडलेलं पेन उचलायला वाकू नका. मान झटक्यात फिरली की दुसऱ्या नलिकाही ढवळल्या जातात आणि विमान गडगडल्यासारखं वाटतं, हे कोरिऑलिस. फ्रिक्वेन्सी बदलायची ती समतल उड्डाणात, मान न हलवता.

घरच्या सिम्युलेटरने स्कॅन सुधारतो, पण खुर्ची हलत नाही, त्यामुळे कानाला काहीच शिकवणी मिळत नाही. सीपीएलच्या (व्यावसायिक वैमानिक परवान्याच्या) किमान 10 तास इन्स्ट्रुमेंटपैकी 5 तास मान्यताप्राप्त सिम्युलेटरवर चालतात. उरलेल्या तासांत हूडच्या कडेने बाहेर डोकावणं म्हणजे पैसे भरून स्वतःची फसवणूक. इन्स्ट्रक्टरला सांगून डोळे मिटा, त्याला विमान वेडंवाकडं करू द्या, मग डोळे उघडून सावरा. काही इन्स्ट्रुमेंट झाकून उरलेल्यांवर, म्हणजे पार्शल पॅनेलवरही हेच करा, आणि सर्दी असेल त्या दिवशी उडूच नका.