गेकोचं पिल्लू खात नाही? आधी हात आवरा

"दोन दिवस झाले, काही खाल्लं नाही. कोणतं औषध देऊ?"

लेपर्ड गेको ही पाळीव पाल नव्यानं पाळणाऱ्यांचा हा लाडका प्रश्न. मी उलटे तीन विचारतो. टाकीतल्या फरशीचं तापमान किती? वजन किती? शी कशी होते? बहुतेकांकडे एकाचंही उत्तर नसतं, औषधाची घाई मात्र असते.

तापमान न मोजताच उपचार

ही चूक मी स्वतः केलेली आहे, म्हणून सगळ्यात जास्त चीड हिचीच येते.

माझं पहिलं पिल्लू घरी आलं आणि आठ दिवसांत त्यानं खाणं सोडलं. टाकीच्या काचेवर चिकटवलेला गोल थर्मामीटर 31 अंश दाखवत होता, त्यामुळे तापमानाकडे संशयच गेला नाही. मी किडे चेचून लगदा केला आणि सिरिंजनं भरवायला लागलो. तोंड उघडत नव्हतं म्हणून जबड्यावर बोटानं दाब दिला. आज आठवलं तरी लाज वाटते. तिसऱ्या दिवशी सकाळी तो लगदा जसाच्या तसा बाहेर पडलेला, आणि त्याला कुजका वास. पहिल्या व्हेटनं, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरनं, व्हिटॅमिनचे थेंब दिले. दुसरे व्हेट खास सरपटणारे प्राणी पाहणारे होते. त्यांनी पिल्लाला हातही न लावता विचारलं, "पोटाखाली किती तापमान आहे?" घरी येऊन प्रोब (थर्मामीटरचं वायरच्या टोकाचं सेन्सर) थेट फरशीवर ठेवला, तर 23! टाकीखालच्या हीट मॅटची (ऊब देणाऱ्या विजेच्या चटईची) पिन सैल झाली होती, आणि काचेवरचा थर्मामीटर बहुधा वरच्या दिव्याची ऊब मोजत बसला होता. तोवर पिल्लू 6 ग्रॅमवरून 4.6 वर आलं होतं.

गेको बाहेरून ऊब घेतो. गरम बाजूची फरशी 31 ते 33 अंश सेल्सिअस असेल तरच त्याच्या पोटातलं अन्न नीट पचतं. थंड पिल्लाला भरवलं की अन्न आत सडतं. व्हेटच्या सांगण्यावरून मी मॅट दुरुस्त केली आणि तीन दिवस फक्त पाणी ठेवलं. चौथ्या रात्री एक बारीक अळी टाकली. ती त्यानं स्वतःहून धरली.

तेव्हापासून प्रोब गरम बाजूच्या लपणीत फरशीलाच टेपनं चिकटवलेला असतो आणि रोज संध्याकाळी मी आकडा बघतो. मॅटला थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान आवरणारं यंत्र, हवाच. "चालतंय की त्याच्याशिवाय" म्हणणाऱ्यांनी एकदा भाजलेलं पोट बघावं.

वजनाऐवजी अंदाज

"बारीक वाटतोय" हे काही निदान नव्हे. 0.1 ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्या, पिल्लाला डबीत ठेवून दर रविवारी वजन करा, तारखेसकट लिहून ठेवा. वाढत्या पिल्लाचं वजन दोन आठवडे जागेवरच राहिलं तर कान टवकारायचे. दहा टक्के उतरलं तर व्हेट गाठायचा.

मोठा गेको शेपटीतल्या चरबीवर आठवडेच्या आठवडे काढतो. हे कुठेतरी ऐकून लोक पिल्लाच्या बाबतीतही निवांत बसतात. पिल्लाच्या शेपटीत तेवढा साठा असतो कुठे? नवं घर असेल किंवा कात टाकायची वेळ असेल, तर दोन-तीन दिवसांचा उपास चालतो. आठवडाभर खाल्लं नाही आणि काटाही खाली येतोय, हे चालत नाही.

कॅल्शियमचा उशिरा आलेला उमाळा

कॅल्शियम कमी पडलं की जबडा रबरासारखा लागतो, पाय धनुष्यासारखे वाकतात, चालताना बोटं थरथरतात. एवढं दिसेपर्यंत शरीरानं हाडांतलं कॅल्शियम उपसून वापरलेलं असतं. मग घाबरून किड्यांवर कॅल्शियमची दुप्पट पावडर चोळतात! त्यानं काही होत नाही. पिल्लाला व्हेटकडे न्या, आणि तोवर कमीत कमी हाताळा, कारण हाडं सहज मोडतात. किड्यांवर पावडर पहिल्या दिवसापासून हवी, आणि व्हिटॅमिन डी3 विसरायचं नाही.

छोट्या, पण महागात पडणाऱ्या चुका

वाळू पोटात जाऊन अडकते. पिल्लाखाली कागदी टॉवेल घाला, त्यावर शीही स्पष्ट दिसते. तपकिरी भाग आणि त्याला चिकटलेला पांढरा खडा, ही चांगली शी.

किडा पिल्लाच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको. न खाल्लेले क्रिकेट (रातकिडे) रात्रभर आत सोडू नका, ते उलट पिल्लालाच कुरतडतात.

बोटांवर अडकलेली कात ओढू नका. उथळ कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं ठेवा, मग ओल्या कापसाच्या काडीनं हलकेच सोडवा. दुर्लक्ष केलंत तर ती दोऱ्यासारखी आवळते आणि बोट गळून पडतं. डोळ्यावरच्या कातीला घरी हातच लावू नका.

नाकातून बुडबुडे आले किंवा पिल्लू तोंड उघडं ठेवून श्वास घेऊ लागलं, तर त्याच दिवशी व्हेट. उद्यावर टाकू नका.

जुन्या गेकोशेजारी नवं पिल्लू

शेपूट काडीसारखी होत चालली, शी पातळ आणि घाण वासाची, तर डोक्यात पहिलं नाव क्रिप्टोस्पोरिडियमचं यावं. हा परजीवी एकाकडून दुसऱ्याकडे जातो आणि साध्या ब्लीचनं मरत नाही. माझ्याकडे नवं पिल्लू किमान 60 दिवस वेगळ्या खोलीत राहतं. त्याचा चिमटा वेगळा, पाण्याची वाटी वेगळी, आणि त्याचं काम सगळ्यांत शेवटी. लोक मला वेडा म्हणतात, म्हणोत बापडे. एका तपासणीत काही सापडलं नाही म्हणजे सुटलो असंही नाही, कारण हा परजीवी प्रत्येक शीतून बाहेर पडतोच असं नाही.

व्हेटकडे जाताना ताजी शी झाकणाच्या डबीत घ्या, वजनाची वही घ्या आणि फरशीच्या तापमानाचा फोटोही. सरपटणारे प्राणी बघणारा व्हेट कुठे आहे हे मात्र पिल्लू घरी आणायच्या आधीच शोधून ठेवा.